राउटर, स्विच आणि लॅपटॉप यांच्यात फाइल न्यायची-आणायची कशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या लहान कारखान्यांची, दवाखान्यांची, शाळांची नेटवर्कं सांभाळणं हा आमचा धंदा. सगळ्यात जास्त फोन येतात गुरुवारी. भोसरीच्या एमआयडीसीला त्या दिवशी सुट्टी, यंत्रं बंद, आणि स्विचला हात लावायची परवानगी मालक त्याच दिवशी देतात. पलीकडचा मुलगा रॅकसमोर मांडी घालून बसलेला असतो, लॅपटॉप मांडीवर, फोन मान आणि खांद्याच्या बेचक्यात. प्रश्न ठरलेले, उत्तरंही ठरलेली. म्हणून एकदाची लिहून टाकली.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. उदाहरणं बहुतेक सिस्कोच्या आयओएसमधली, म्हणजे त्यांच्या राउटर-स्विचच्या ऑपरेटिंग सिस्टिममधली आहेत, कारण आमच्या गिऱ्हाइकांकडे तेच जास्त. बाकीच्या यंत्रांत शब्द बदलतात, चाल तीच. न्यायच्या-आणायच्या फाइल मुख्यतः दोन: कॉन्फिग, म्हणजे यंत्राच्या सेटिंगची यादी, आणि इमेज, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर. टीएफटीपी ही त्या नेण्या-आणण्याची एक साधी पद्धत.

फाइल न्यायची कमांड स्विचवर दिली, तर तो टीएफटीपी सर्व्हरचा पत्ता विचारतोय. आमच्याकडे सर्व्हरच नाहीये, काय टाकू?

आहे. तुमच्या मांडीवर आहे. लॅपटॉप हाच सर्व्हर.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सर्व्हर म्हटलं की एसीच्या खोलीतलं मोठं धूड डोळ्यांपुढे येतं. या कामात सर्व्हर म्हणजे फक्त हाकेला ओ देणारा. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी:' (चालू कॉन्फिग लॅपटॉपवर पाठव) अशी कमांड दिली की स्विच लॅपटॉपला हाक मारतो, 'ही फाइल घे.' 'कॉपी टीएफटीपी: फ्लॅश:' (फ्लॅश म्हणजे स्विचची कायमची मेमरी) दिली की म्हणतो, 'ती फाइल दे.' फाइल इकडून तिकडे जावो की तिकडून इकडे येवो, हाक मारणारा दोन्ही वेळा स्विचच. लॅपटॉपवर ओ देणारा प्रोग्राम चालू नसेल तर स्विच थोडा वेळ हाका मारतो आणि 'टाइम्ड आउट' म्हणून गप्प बसतो.

फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, 'हाक कोण मारतंय?' त्याचं उत्तर देता आलं की निम्म्या लोकांना पुढचं विचारावंच लागत नाही.

कन्सोल केबल लावलीये ना, मग परत नेटवर्कची केबल कशाला?

कन्सोलच्या फिकट निळ्या केबलवरून तुमची टायपिंग जाते आणि स्विचचे शब्द पडद्यावर येतात. फाइल जाते ती नेटवर्कच्या केबलवरून. म्हणजे दोन्ही लागतात: एक बोलायला, एक माल वाहायला. कन्सोलवरूनही फाइल नेता येते, पण तो प्रकार हाडं मोडल्यावरचा आहे, खाली लिहिलंय.

टीएफटीपी, एफटीपी, एससीपी. यातलं नेमकं काय वापरायचं?

टीएफटीपीच्या नावातला पहिला शब्द 'ट्रिव्हियल', म्हणजे क्षुल्लक. १९८१ साली त्याचं आरएफसी ७८३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा क्रमांक दिलेला कागद) निघालं, आणि १९९२ च्या आरएफसी १३५० वर ते आजही चालतं. पासवर्ड नाही, फोल्डरमध्ये काय आहे ते दिसत नाही, फाइल पुसता येत नाही. 'घे' आणि 'दे', एवढीच त्याची शब्दसंपदा. यूडीपीवर, म्हणजे पाकिटं पाठवायच्या एका साध्या पद्धतीवर, ६९ नंबरच्या पोर्टवर चालतं (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, दाराचा नुसता नंबर). त्याची खरी किंमत वेगळीच आहे: ते इतकं छोटं आहे की यंत्राच्या बूट-रॉममध्येसुद्धा (यंत्र चालू होताना आधी वाचलं जाणारं छोटं मेमरीचं खण) मावतं. त्यामुळे बाकी सगळं मेलेलं असतानाही ते बहुधा जिवंत असतं.

एफटीपी त्याहूनही जुनं. त्याचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला. ते कानपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले. हे मी कामाला लागलेल्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. कामात उपयोग शून्य, पण चेहरे खुलतात. एफटीपी टीसीपीवर, म्हणजे पाकिटं पोचल्याची खात्री करणाऱ्या पद्धतीवर, चालतं, २१ नंबरचं पोर्ट, नाव-पासवर्ड मागतं. पण तो पासवर्ड तारेवरून उघडाच जातो.

एससीपी म्हणजे एसएसएचच्या, २२ नंबरच्या, बंद नळीतून नेलेली फाइल. कोणी मध्ये कान लावला तरी हाती काही लागत नाही.

आमचा रिवाज असा. स्विच टेबलावर आहे, मध्ये एकच केबल आहे, फाइल लहान आहे: टीएफटीपी. इमेज मोठी आहे: एफटीपी किंवा एससीपी. फाइल चालत्या नेटवर्कमधून, दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावाला जाणार आहे: एससीपी, दुसरं काही नाही.

लॅपटॉपवर काय टाकावं लागतं? विंडोजमध्ये टीएफटीपी चालू केलंय, तरी होत नाही.

'विंडोज फीचर्स'मध्ये जे चालू केलंत ते टीएफटीपी क्लायंट. क्लायंट म्हणजे हाक मारणारा. आपल्याला हवाय ओ देणारा, आणि तो विंडोजबरोबर येत नाही. टीएफटीपीडी६४ नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आम्ही वापरतो. उघडला की त्यात दोनच गोष्टी बघा. एक, 'करंट डिरेक्टरी': कुठल्या फोल्डरातून द्यायचं-घ्यायचं. सी ड्राइव्हवर टीएफटीपी नावाचा साधा फोल्डर करा; प्रोग्राम फाइल्सच्या आत नको, तिथे लिहायची मुभा नसते. दोन, 'सर्व्हर इंटरफेसेस': कुठल्या पत्त्यावर ओ द्यायची. इथे बऱ्याचदा वायफायचा पत्ता निवडलेला असतो. स्विच केबलच्या टोकाला हाका मारतोय आणि हा वायफायच्या दारात उभा! काम होईपर्यंत वायफाय बंदच करून टाका, वादच नको.

उबंटूवर टीएफटीपीडी-एचपीए टाका. फोल्डर 'एसआरव्ही'च्या आतला 'टीएफटीपी'. त्यात एक मेख आहे: फोल्डरात आधीपासून असलेल्या फाइलवरच तो लिहू देतो, नवी बनवू देत नाही. म्हणजे स्विचकडे इमेज व्यवस्थित जाते, पण कॉन्फिगचा बॅकअप घ्यायला गेलात की नकार. सेटिंगच्या फाइलमध्ये पर्यायांत '--क्रिएट' वाढवा, फोल्डर टीएफटीपी या युजरच्या मालकीचा करा, सर्व्हिस परत चालू करा.

लॅपटॉपला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कसा द्यायचा?

स्विचच्या व्हीलॅन १ ला (व्हीलॅन म्हणजे स्विचमध्ये पाडलेला नेटवर्कचा वेगळा कप्पा) १९२.१६८.१.१ असेल तर लॅपटॉपच्या केबलच्या पोर्टला १९२.१६८.१.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतोय? म्हणजे तुम्ही हाताने पत्ता दिलेलाच नाही. कोणी देईना म्हणून त्याने स्वतःच एक घेतलाय.

केबल खोचल्यावर पोर्टचा दिवा नारिंगी होतो आणि तीसेक सेकंद तसाच राहतो. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ न देणारी स्विचची सोय) आधी कानोसा घेतो, मग ओळख करून घेतो, पंधरा-पंधरा सेकंद. दिवा हिरवा होईपर्यंत काही करू नका. आमच्याकडचा एक मुलगा या तीस सेकंदांत तीनदा केबल काढून-घालून 'पोर्ट खराब आहे' म्हणून फोन करायचा. दर वेळी केबल काढली की मोजणी पहिल्यापासून.

लॅपटॉप ते स्विच साधी केबल चालते. लॅपटॉप ते जुना राउटर असेल तर क्रॉस केबल लागू शकते. गिगाबिट पोर्ट असतील तर कुठलीही चालते, तो स्वतःच सांभाळून घेतो.

स्विचवरून लॅपटॉपला पिंग होत नाही. म्हणजे केबल गेली ना?

लगेच केबलवर जाऊ नका. विंडोजचा फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला ('आहेस का?' या हाकेला) मुळातच उत्तर देत नाही. उलटं करून बघा: लॅपटॉपवरून स्विचला पिंग करा. ते झालं तर केबल, पत्ता, मास्क सगळं ठीक आहे.

आता खरा खोडा. टीएफटीपीडी६४ पहिल्यांदा चालू केला की विंडोज विचारतं, 'प्रायव्हेट नेटवर्कवर परवानगी द्यायची की पब्लिक?' आपण शहाणपणाने प्रायव्हेटवर टिचकी मारतो. पण स्विचला थेट जोडलेल्या, गेटवे नसलेल्या केबलला विंडोज 'अनोळखी नेटवर्क' समजतं आणि पब्लिकमध्ये टाकतं. झालं, दार बंद. फायरवॉलच्या यादीत त्या प्रोग्रामसमोर पब्लिकचाही चौकोन भरा आणि काम झाल्यावर काढा. कंपनीचा अँटिव्हायरस स्वतःचा फायरवॉल घेऊन बसलेला असेल तर तिथेही हेच करावं लागतं, आणि त्याचा पासवर्ड आयटीवाल्याकडे असतो, आणि तो गुरुवारी फोन उचलत नाही. तेवढी व्यवस्था बुधवारीच करून ठेवा.

'६९ नंबर उघडला, तरी जात नाही' असंही विचारतात. ६९ हे फक्त दार ठोठावण्यापुरतं. ओ देणारा उत्तर देतो ते दुसऱ्याच, त्या वेळी हाती लागलेल्या पोर्टवरून, आणि पुढचा सगळा व्यवहार तिथेच होतो. म्हणून परवानगी नंबरला न देता प्रोग्रामला द्या. मध्ये एखादा जुना फायरवॉल असेल आणि त्याला ही खोड माहीत नसेल, तर पहिली हाक आत जाते आणि नंतरचं सगळं अडतं.

पडद्यावर जे एरर येतात त्यांचा अर्थ काय?

'टाइम्ड आउट' म्हणजे हाक पोचली नाही किंवा ओ परत आली नाही. पत्ता, वायफाय, फायरवॉल, याच क्रमाने बघा. फाइलच्या नावाशी याचा काही संबंध नाही. नाव बदलत बसू नका.

'नो सच फाइल' आलं तर आनंद माना. हाक पोचली, लॅपटॉपने फोल्डर धुंडाळला, आणि 'नाही बुवा' असं उत्तरही दिलं. रस्ता मोकळा आहे, फक्त नाव चुकलंय. विंडोज फाइलचं शेपूट लपवतं, त्यामुळे तुम्हाला दिसतं 'कॉन्फिग.टीएक्सटी' आणि प्रत्यक्षात असतं 'कॉन्फिग.टीएक्सटी.टीएक्सटी'. लिनक्सवर इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचाही फरक पडतो.

'परमिशन डिनाइड' किंवा 'अ‍ॅक्सेस व्हायोलेशन' म्हणजे फोल्डरात लिहायची मुभा नाही. वर उबंटूची मेख सांगितली आहे तीच.

आणि एररच नाही, नुसती उद्गारचिन्हांची रांग चालली आहे: काम चालू आहे, चहा घ्या. मध्येच टिंबं यायला लागली की पाकिटं हरवताहेत. एखाद-दुसऱ्या टिंबाचं मनावर घेऊ नका. टिंबांचीच रांग लागली तर थांबवा आणि केबल बघा.

नवी इमेज चढवायची आहे. आधी काय उतरवून घ्यायचं?

चालू कॉन्फिग, हे सगळे सांगतात. मी आणखी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, फ्लॅशमधली 'व्हीलॅन.डॅट' ही फाइल. व्हीटीपी (स्विचनी व्हीलॅनची यादी एकमेकांना कळवायची सोय) ट्रान्स्परंट मोडमध्ये नसेल तर व्हीलॅनची यादी कॉन्फिगमध्ये नसते, या वेगळ्या फाइलमध्ये असते. स्विच बदलला, कॉन्फिग ओतली, आणि तरी एका मजल्याचं नेटवर्क गायब, असं झालं की बहुधा हीच फाइल विसरलेली असते. विशेषतः जे व्हीलॅन त्या स्विचच्या पोर्टांवर नसतात, नुसते ट्रंकमधून (दोन स्विच जोडणाऱ्या सामाईक तारेतून) पुढे जातात, ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

दुसरी, सध्या चालू असलेली इमेज. ती पुसून नवीसाठी जागा करायचा मोह होतो. नवी पूर्ण उतरून तपासून होईपर्यंत जुनी पुसू नका. 'डिर फ्लॅश:' देऊन जागा आधी मोजा, आणि पुसायचीच वेळ आली तर जुनी लॅपटॉपवर घेऊन मगच पुसा. पुण्यात विजेच्या दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारीच निघतात, हेही लक्षात असू द्या. यूपीएसची बॅटरी कधी बदलली होती ते विचारल्याशिवाय मी इमेजला हात लावत नाही.

तिसरी गोष्ट, बॅकअप परत कसा टाकायचा ती, मला चांगली महागात पडली. भोसरीतल्या एका कारखान्यात जळालेल्या राउटरच्या जागी तसाच नवा बसवला. बॅकअप होता. 'कॉपी टीएफटीपी: रनिंग-कॉन्फिग' दिलं, फाइल आली, 'शो रन'मध्ये ओळ न् ओळ बरोबर. नेटवर्क मात्र मेलेलं. पाऊण तास मी केबली उपसत होतो. दिवे लागत नाहीत म्हणजे केबलच, असं धरून बसलो होतो. मालक मागे खुर्ची टाकून बसलेले, काही बोलत नव्हते, ते जास्त वाईट. शेवटी 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' बघितलं तर फाइल घेतली ते पोर्ट सोडून बाकी सगळ्यांपुढे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन'.

झालं होतं असं. नव्या राउटरची पोर्टं मुळात बंद असतात. चालू पोर्टाच्या कॉन्फिगमध्ये 'नो शटडाउन' अशी ओळ लिहिली जात नाही. बंद असेल तरच 'शटडाउन' लिहिलं जातं. आणि रनिंगमध्ये ओतलेली कॉन्फिग जुनी पुसून बसत नाही, आहे त्यात मिसळते. बॅकअपमध्ये 'उघड' म्हणणारी ओळच नव्हती, म्हणून बंद पोर्टं बंदच राहिली. तेव्हापासून नव्या यंत्रात बॅकअप स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये, म्हणजे यंत्र उठताना वाचतं त्या फाइलमध्ये, टाकतो आणि यंत्र परत चालू करतो. एसएसएचच्या चाव्याही कॉन्फिगच्या फाइलमध्ये येत नाहीत. त्या नव्या यंत्रावर नव्याने बनवाव्या लागतात.

फाइल बत्तीस एमबीच्या आसपास येऊन थांबते. दोनदा केलं, तिथेच थांबते.

दहादा केलंत तरी तिथेच थांबेल. टीएफटीपी फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करतं आणि प्रत्येकावर नंबर घालतं. नंबराला जागा दोन बाइट, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. गुणाकार करा: ३,३५,५३,९२० बाइट, बत्तीस एमबीला थोडेसे कमी. त्यापुढे नंबर संपतात. काही सर्व्हर पुन्हा शून्यापासून मोजतात, काही एकपासून, काही हात वर करतात. दोन्ही टोकांचं जमलं तर ठीक, नाहीतर तुमच्यासारखं होतं.

तुकडा मोठा घ्यायची सोय १९९८ च्या आरएफसी २३४८ ने दिली. इथरनेटवर १,४६८ बाइटचा तुकडा एका पाकिटात नीट बसतो. आयओएसच्या नव्या आवृत्त्यांत 'आयपी टीएफटीपी ब्लॉकसाइज' अशी कमांडही आहे. पण इमेज शेकडो एमबीची असेल तर मी या वाटेला जातच नाही. सरळ एफटीपी किंवा एससीपी.

टेबलावर मिनिटात जाणारी फाइल लांबच्या शाखेत न्यायला तास कसा लागतो? लाइन तर १०० एमबीपीएसची आहे.

लाइनच्या रुंदीचा इथे प्रश्नच नाही. टीएफटीपी एक वीट नेऊन ठेवतं, 'पोचली' अशी पावती आल्याशिवाय दुसरी उचलत नाही. टेबलावर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद लागला असं धरा: सेकंदाला हजार विटा, पाच लाख बाइट, ३० एमबीची फाइल साधारण मिनिटात. शाखेपर्यंत जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला विटा २५. म्हणजे १२,८०० बाइट, आणि त्याच फाइलला ४१ मिनिटं. लाइन १०० ची घ्या की हजारची, गवंडी एकच आहे. टीसीपीवरचे एफटीपी आणि एससीपी पावतीची वाट न बघता पुढच्या विटा पाठवत राहतात, म्हणून ते लांबवर परवडतात.

एससीपीने जोडतोय. सहकाऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवरून जातं, माझ्या नव्यावरून जात नाही. असं कसं?

आधी दिशा समजून घ्या. स्विचवर 'आयपी एससीपी सर्व्हर एनेबल' दिलंत की ओ देणारा झाला स्विच, आणि हाक तुम्ही लॅपटॉपवरून मारता. लॅपटॉपवर काही टाकावं लागत नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एससीपीची कमांड आलेलीच आहे. युजरला स्विचवर १५ ची, म्हणजे सगळ्यात वरची, पातळी मात्र हवी.

आता नव्या लॅपटॉपचं. एप्रिल २०२२ मध्ये ओपनएसएसएच ९.० आलं आणि तेव्हापासून 'एससीपी' ही कमांड आतून एसएफटीपीची, म्हणजे एसएसएचवरच्याच दुसऱ्या फाइल-पद्धतीची, भाषा बोलायला लागली. नाव तेच, बोली वेगळी. बऱ्याच जुन्या स्विचना एसएफटीपी कळत नाही. इलाज एका अक्षराचा: कमांडमध्ये '-ओ' घाला, इंग्रजी कॅपिटल ओ, शून्य नव्हे. तो जुन्या बोलीत बोलतो आणि फाइल जाते.

त्याआधीच 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' म्हणून नाट लागत असेल तर कारण वेगळं आहे. २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वर बेतलेल्या जुन्या आरएसए सह्या (स्विचची ओळख पटवायची जुनी पद्धत) मुळात बंद आहेत. तेवढ्या एका स्विचपुरती सूट द्या, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये सरसकट नको. आणि मालकांना सांगा की स्विच म्हातारा झालाय.

इमेज चढली, पण स्विच ती घेत नाही. म्हणतो खराब आहे.

लॅपटॉपवर आली तेव्हाच खराब होती का ते बघा. कोणीतरी ऑफिसच्या एफटीपीवरून उतरवून घेताना आस्की मोडमध्ये उतरवली असेल तर त्या मोडमध्ये ओळीच्या शेवटाच्या खुणा बदलल्या जातात. मजकुराच्या फाइलला ते चालतं. इमेजमध्ये मात्र तसा बाइट दिसेल तिथे भर पडत जाते. आकार थोडासा वाढलेला दिसतो, आणि 'थोडासाच तर आहे' म्हणून लोक पुढे जातात. एक बाइटही इकडेतिकडे चालत नाही. जुना एफटीपी प्रोग्राम असेल तर आधी 'बायनरी' असं टाइप करून मगच फाइल मागा.

चढवल्यावर रीलोडच्या आधी 'व्हेरिफाय /एमडी५ फ्लॅश:' आणि फाइलचं नाव द्या. येणारी ३२ अक्षरं, म्हणजे फाइलचा ठसा, कंपनीच्या डाउनलोडच्या पानावरच्या अक्षरांशी ताडून बघा. पहिली चार आणि शेवटची चार बघून 'जुळतंय' म्हणणारे असतात. पूर्ण चिकटवून शोधा, दहा सेकंदांचं काम आहे.

राउटर उठतच नाही. रोममॉनमध्ये येऊन बसलाय.

रोममॉन म्हणजे इमेज सापडली नाही की राउटर जिथे थांबतो ती बूट-रॉममधली छोटी व्यवस्था. तिथे बहुतेक राउटरना 'टीएफटीपीडीएनएलडी' ही कमांड येते. पत्ता, मास्क, गेटवे, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव हाताने भरायचं. चुकलं एक अक्षर की पुन्हा पहिल्यापासून. पण नेटवर्क आहे तोवर सुटका आहे.

काही जुन्या स्विचमध्ये तेही नसतं. मग उरतं एक्समोडेम, १९७७ साली वॉर्ड ख्रिस्तेन्सन यांनी केलेलं, १२८ बाइटचे घास, आणि तेही कन्सोलच्या केबलवरून. हिशोब करून मगच बसा. कन्सोल सेकंदाला ९६०० बिटवर असतो, एका बाइटला दहा बिट जातात, म्हणजे सेकंदाला फार तर ९६० बाइट. १५ एमबीच्या इमेजला साडेचार तास, वर किरकोळ वेगळं. 'सेट बॉड ११५२००' देऊन आणि लॅपटॉपवरच्या टेराटर्म या कन्सोलच्या प्रोग्रामचाही वेग तितकाच करून घेतलात तर तेच काम पंचवीसेक मिनिटांचं. पुट्टी या तशाच प्रोग्राममध्ये एक्समोडेम नाही, टेराटर्मच लागेल. काम झाल्यावर वेग परत ९६०० करा. आमच्याच एकाने तसा सोडला होता. सहा महिन्यांनी दुसरा मुलगा गेला तर पडद्यावर नुसता चिनी-जपानी कचरा, आणि त्याने कन्सोल केबल फेकून नवी आणली.

घरचा वायफाय राउटर अपडेट करताना वीज गेली आणि तो मेला. तोही असाच उठवता येतो का?

पुष्कळदा येतो. आणि इथेही तोच प्रश्न: हाक कोण मारतंय? टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलमध्ये रीसेट दाबून ठेवून वीज दिली की राउटर १९२.१६८.०.६६ या पत्त्यावर टीएफटीपी सर्व्हर शोधतो. लॅपटॉपला तो पत्ता द्या, टीएफटीपीडी६४ चालू ठेवा, फोल्डरात त्या मॉडेलसाठी ठरलेल्या नावानेच फाइल ठेवा. नेटगिअरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये नेमकं उलटं: राउटर ओ द्यायला बसतो आणि फाइल आपण ढकलायची. मगाशी विंडोजचा तो टीएफटीपी क्लायंट निरुपयोगी म्हटला ना, तो इथे कामाला येतो. त्यात '-आय' घालायला विसरू नका, तोच तो बायनरीचा मुद्दा.

त्यापेक्षा पेनड्राइव्ह लावला तर?

यंत्राला यूएसबीचं भोक असेल तर उत्तमच. पेनड्राइव्ह फॅट३२ करून घ्या. नव्या मोठ्या इमेजसाठी मी आता हेच जास्त करतो. जुन्या स्विचला भोकच नसतं, नाहीतर हे पान लिहावं लागलं नसतं.

टीएफटीपी सर्व्हर कायमचा चालू ठेवला तर काय बिघडतं?

त्याला पासवर्ड नाही हे विसरू नका. नेटवर्कमधला कोणीही फाइलचं नाव ओळखून ती मागू शकतो, आणि 'कॉन्फिग', 'बॅकअप' अशी नावं ओळखायला अक्कल लागत नाही. कॉन्फिगच्या फाइलमध्ये एसएनएमपीचा (यंत्रावर दुरून नजर ठेवायच्या सोयीचा) परवलीचा शब्द उघडा असतो, व्हीपीएनची चावीही बऱ्याचदा. पासवर्डसमोर ७ असा आकडा दिसला तर तो झाकलेला वाटतो, पण इंटरनेटवर टाकला की सेकंदात उघडतो; नुसतं वरून फडकं टाकल्यासारखं आहे ते. काम झालं की प्रोग्राम बंद.

आणि कृपा करून कॉन्फिगची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. 'सर, जरा बघता का' म्हणून मला महिन्याला दोन-तीन तरी येतात, अख्ख्या कारखान्याच्या किल्ल्या त्यात असतात.

बॅकअप आपोआप होईल असं काही?

आयओएसमध्ये 'आर्काइव्ह' आहे. त्यात 'पाथ' देऊन कुठे पाठवायचं ते सांगा, 'राइट-मेमरी' लिहिलंत की दर वेळी सेव्ह करताना एक प्रत जाते. 'टाइम-पिरियड' मिनिटांत असतो, आठवड्याला १०,०८०. पाथ एससीपीचा द्या. स्विचचं घड्याळ आधी एनटीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या वेळेवर, लावा, नाहीतर नोंदींवर १९९३ च्या तारखा पडतात आणि काय कधी झालं ते कोणालाच सांगता येत नाही.

फाइलला नाव काय द्यावं?

जागा, यंत्र, तारीख, याच क्रमाने; तारखेत वर्ष आधी. 'भोसरी-कोअर-२०२५०६१२' असं. नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा नको, कमांड तिथेच तुटते. 'फायनल', 'न्यू', 'न्यू२' ही नावं आमच्याकडे बंद केली आहेत. एका दवाखान्याच्या फोल्डरात मला 'फायनल', 'फायनल-खरं' आणि 'हेच-घ्या' अशा तीन फाइली सापडल्या होत्या. 'हेच-घ्या' सगळ्यात जुनी होती.

कन्सोल केबल आणि यूएसबीचा कन्व्हर्टर पुण्यात कुठे मिळेल?

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास. गाडी लांब लावून चालत जा. दुकानात 'यूएसबी टू सिरियल' म्हणून मागा आणि आत चिप कुठली आहे ते विचारा. एफटीडीआय कंपनीची जरा महाग पडते, पण ड्रायव्हरची कटकट कमी. लॅपटॉप बरोबर न्या आणि तिथेच लावून बघा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर दिसला की मगच पैसे द्या. गुरुवारसाठी घेत असाल तर बुधवारी दुपारपर्यंत जाऊन या.